घाम वाळला तरच घोडा चालेल

सिंगापूरच्या रस्त्यांवर आज ओझं ओढणारं जनावर दिसत नाही. एकोणिसाव्या शतकात मात्र हे बंदर बैलांच्या आणि तट्टांच्या जिवावर चालत होतं. ॲन सियांग टेकडीवरच्या विहिरींचं पाणी बैलगाड्यांतून क्रेता आयरच्या चिनी वस्तीत जायचं. भाड्याच्या घोडागाड्यांना सुमात्रातल्या देली भागातून आणलेली बुटकी तट्टं जुंपलेली असत. या घोड्यांच्या मोतद्दारांत जावाच्या उत्तरेकडच्या बाविआन बेटावरून आलेले पुष्कळ लोक होते. सेरंगून रोडच्या आसपास गुरांचा मोठा व्यापार चाले, तिथला बफेलो रोड अजून आहे. मग १८८० मध्ये माणसांनी ओढायच्या रिक्षा आल्या, १८८६ मध्ये वाफेची ट्राम आणि १९०५ मध्ये विजेची ट्राम. हळूहळू जनावरं रस्त्यावरून हटली.

जुंपलेल्या जनावराचं शरीर कसं चालतं हे समजून घ्यायला सिंगापूरइतकं चांगलं ठिकाण शोधून सापडणार नाही. विषुववृत्तापासून जेमतेम सव्वा अंश उत्तरेला असलेल्या या बेटावर उन्हाळा-हिवाळा असा भेद नाही. दुपारी ३१-३२ अंश, पहाटे २४-२५ अंश आणि हवा बाराही महिने दमट. आकडे सौम्य वाटतात, पण कष्टाच्या जनावराला हीच हवा फार महागात पडते. कोकणात, मुंबईत, पावसाळ्याच्या तोंडावर घाटमाथ्यावर जनावरं राबवणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यायला हवं.

तासाला तीन लिटर

सुमारे ५०० किलोचा घोडा आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे ५० किलोचा ओढा चालत्या गतीनं तासन् तास देऊ शकतो. ही ताकद साधारण ५०० वॉट भरते. पण स्नायू खाल्लेल्या अन्नातल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाचवा हिस्सा कामात उतरवतात, बाकीची उष्णता होते. म्हणजे ५०० वॉटचं काम होत असताना अंगात २००० वॉटची शेगडी पेटलेली असते. ही उष्णता बाहेर टाकण्याचा घोड्याचा मुख्य मार्ग घाम हाच आहे. एक लिटर घाम वाळताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता नेतो. हिशेब केला तर तासाला ३ लिटर घाम वाळायला हवा.

इथे 'वाळायला' हा शब्द महत्त्वाचा. पोटाखालून टपटप गळून जमिनीवर पडलेला घाम काहीच थंडावा देत नाही. कोरड्या हवेत घाम झटकन उडतो. दमट हवेत तो वाहून जातो, शरीर आणखी घाम काढतं, तोही वाहून जातो. जनावर पाणी आणि क्षार गमावत राहतं, पण तापमान उतरत नाही. जोराच्या कष्टात घोडा तासाला १० लिटरहून अधिक घाम गाळू शकतो.

घोड्याच्या घामाची आणखी एक खोड आहे. माणसाचा घाम रक्तापेक्षा पातळ असतो. घाम गेला की रक्त दाट होतं आणि मेंदू तहानेची हाक देतो. घोड्याचा घाम रक्ताइतकाच, कधी त्याहून जास्त खारट असतो. त्यामुळे भरपूर पाणी जाऊनही रक्त फारसं दाट होत नाही आणि घोड्याला तहान लागत नाही. बादलीकडे पाठ फिरवणारा घामाघूम घोडा तृप्त आहे, असं समजणं धोक्याचं आहे. त्याला चाऱ्यातून मीठ द्यावं आणि पाणी थोडं थोडं पण पुन्हा पुन्हा दाखवावं.

दमट उष्ण प्रदेशात काही घोड्यांच्या घर्मग्रंथी घाम गाळण्याच्या सततच्या इशाऱ्यांना प्रतिसाद देणंच थांबवतात. असा घोडा कामानंतर धापा टाकतो, अंग तापलेलं असतं, पण कातडी कोरडी. घाम दिसलाच तर आयाळीखाली किंवा मांड्यांमध्ये. घाम नाही म्हणजे जनावर दमलेलं नाही, असं समजून त्याला पुढे हाकलं तर ते कोसळू शकतं. अशा घोड्याला ताबडतोब सोडून सावलीत न्यावं, पाण्यानं गार करावं आणि पशुवैद्याला दाखवावं.

बुटकं तट्टू आणि पहाटेची वेळ

देली तट्टू जेमतेम सव्वा मीटर उंच. युरोपातले थंडीसाठी पोसलेले अवजड घोडे त्याच्यापुढे डोंगराएवढे. पण उष्णता अंगभर तयार होते आणि बाहेर जाते ती कातडीतून. शरीर जितकं लहान, तितकी दर किलोमागे कातडी जास्त. २५० किलोच्या तट्टाला ६०० किलोच्या घोड्यापेक्षा दर किलोमागे सुमारे एक तृतीयांश जास्त कातडी मिळते. म्हणून दमट गावात हलकं ओझं ओढणारी दोन छोटी जनावरं एका दांडग्या जनावरापेक्षा चांगलं निभावून नेतात.

कामाची वेळ पहाटेची ठेवावी. सिंगापुरात पहाटे आर्द्रता ९० टक्क्यांच्या पुढे असते, म्हणून ती वेळ वाईट वाटेल. पण हवेतली प्रत्यक्ष वाफ दिवसभर जवळपास तेवढीच असते, हवा तापली की टक्केवारी तेवढी घसरते. पहाटे डोक्यावर ऊन नसतं, हवा कातडीपेक्षा दहा अंश गार असते आणि शरीराची उष्णता सरळ हवेत जाते.

काम संपल्यावर तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतलं तर स्नायू आखडतात, असा जुना समज. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या निमित्तानं दमट उन्हाळ्यातल्या घोड्यांवर बराच अभ्यास झाला आणि हा समज टिकला नाही. गार पाणी सर्वांगावर ओतत राहणं, वारा मिळेल अशा जागी फिरवणं, हाच जलद उपाय ठरला. विश्रांतीच्या वेळी घोड्याचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश असतं. कामानंतर ते ४० च्या पुढे जाऊन उतरत नसेल तर त्या दिवसाचं काम संपलं, असं समजावं.

ओझं टेकतं कुठे?

ताकद साजातही वाया जाते. घोडा पुढे झुकतो आणि खांद्यानं ढकलतो. रुंद छातीपट्टा हलक्या गाडीला, सपाट रस्त्याला चांगला. तो अंग कमी झाकतो आणि वेगवेगळ्या मापाच्या जनावरांना जुळवून घेता येतो. ओझं जड असेल तर भरीव कॉलर हवी, म्हणजे भार दोन्ही खांद्यांवर पसरतो. कॉलरच्या तळाशी श्वासनळीपुढे सपाट पंजा सहज सरकायला हवा. गाडीला जोडणारे पट्टे खांद्याच्या उताराशी काटकोनात ओढले जावेत. ते वर-खाली झाले की कॉलर सरकते, घासते आणि जखम होते.

दमट हवेत अस्तर वाळत नाही. घामातलं मीठ त्यावर साचून त्याचे कण कातडी खरवडतात. म्हणून अंगाला लागणारा साजाचा प्रत्येक भाग रोज साध्या पाण्यानं पुसून सावलीत वाळवावा, बुरशी आलेलं चामडं साफ करून तेल द्यावं आणि शिवणीवरून बोट फिरवून पाहावं. पाण्यात भिजून मऊ झालेल्या खुरांचे तळवे उकरून कोरडे ठेवावेत, नाहीतर ते कुजतात.

बैलाचं जू वशिंडापुढे मानेवर बसतं आणि सगळा भार त्या अरुंद पट्टीवर येतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला आपण हळद-तुपानं ते खांदे चोळतो. पण 'खांदा आला', म्हणजे जूखाली सूज आली, की वर्षभर कधीही बैल जूतून सोडायलाच हवा. सुजेवर पुन्हा जू ठेवणं म्हणजे जखमेला निमंत्रण.

दोन चाकांचा तोल

दोनचाकी गाडीत ओझं आसाच्या किती पुढे आहे यावर मानेवरचा भार ठरतो. गाडीत १००० किलो आहेत, त्यांचा मध्य आसाच्या १० सेंटिमीटर पुढे आहे आणि जू आसापासून अडीच मीटरवर आहे असं धरू. मानेवर ४० किलो येतात. तोच मध्य आसाच्या ३० सेंटिमीटर पुढे असला तर १२० किलो. ओझं फार मागे गेलं तर धुरा वर उचलली जाते. उतारावर ओझ्याचा मध्य पुढे झुकतो, म्हणून उतरायच्या आधी रचाई पुन्हा पाहावी. पाण्याची टाकी असेल तर ती पूर्ण भरावी किंवा आत आडवे पडदे असावेत. अर्धी टाकी हिंदकळते आणि प्रत्येक पावलाला मानेवर धक्का देते. चढाचं गणित तर सरळच आहे. २० ला १ चढ असेल तर प्रत्येक टनामागे ५० किलोचा जादा ओढा लागतो, म्हणजे एका मोठ्या घोड्याची दिवसभर टिकणारी सारी ताकद.

मानेवरच्या या भाराचं उत्तर आपल्याकडेच शोधलं गेलं आहे. इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये उसाच्या बैलगाडीसाठी 'सारथी' नावाचा चाक लावलेला आधार बनवला. तो पुढच्या बाजूचं वजन जमिनीवर घेतो. असे आधार ऊस वाहणाऱ्या गाड्यांना लागले पाहिजेत.

नियमात आर्द्रता हवी

भारतात ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग ५ तासांपेक्षा जास्त नको आणि तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ जनावर राबवू नये. पहिल्या दोन अटी योग्य आहेत. तिसरीत मोठी फट आहे. सिंगापुरात आजवर नोंदलं गेलेलं सर्वोच्च तापमान ३७.० अंश, १९८३ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये. म्हणजे हा नियम तिथे लावला तर दुपारची सुट्टी एकाही जनावराला कधीच मिळणार नाही. मुंबई-कोकणातल्या बहुतेक दिवसांचंही तेच.

थर्मामीटरच्या टोकाला ओलं कापड गुंडाळलं की तो घामानं होऊ शकणारा थंडावा मोजतो. ४३ अंश आणि २० टक्के आर्द्रतेच्या विदर्भातल्या दुपारी हा ओला पारा २५ च्या आसपास राहतो. ३२ अंश आणि ७० टक्क्यांच्या किनारी दुपारी तो २७ च्या वर जातो. विदर्भात विश्रांती हवीच, ऊन आणि तापलेली हवा तिथे जनावराला भाजून काढतात. पण किनाऱ्यावरचा धोका नियमाला दिसतच नाही. नियमात ओल्या पाऱ्याची मर्यादा पशुवैद्यकांच्या सल्ल्यानं घालायला हवी. तोपर्यंत गोठ्यात, तबेल्यात, कारखान्याच्या गाडीतळावर दोन थर्मामीटर शेजारी टांगावेत, एक कोरडा आणि एक ओला. दोघांतला फरक कमी दिसला की घाम वाळणार नाही हे ओळखावं, ओझं कमी करावं आणि दुपारी जू उतरवावं.