पंट मारून कोच कोणाला वाचवतो?

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हाती असलेल्या संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. एकेका प्रयत्नाला डाउन म्हणतात. तीन डाउन संपले आणि यार्डभर अंतर उरलं, की कोचपुढे तीन वाटा असतात. चेंडू लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याला मागे रेटायचं, हा पंट. खांब टप्प्यात असतील तर किक मारून तीन गुण पदरात पाडून घ्यायचे, हा फील्ड गोल. नाहीतर चौथा डाउन खेळून टाकायचा. अडलात, तर चेंडू आहे तिथून प्रतिस्पर्ध्याचा. सामना अटीतटीचा असला की कोच वर्षानुवर्षं पहिल्या दोन वाटांनीच गेले, आणि समालोचकांनी त्याला शहाणपण म्हटलं. या शहाणपणाबद्दलच्या काही समजुती तपासून पाहण्याजोग्या आहेत.

पहिली समजूत: पंट मारला की धोका टळतो. टळत नाही, पुढे ढकलला जातो. पंटने साधारण चाळीस यार्ड मिळतात, पण चेंडू हातचा जातो, आणि हातातल्या चेंडूलाही किंमत असते. ती मोजायचा पहिला गंभीर प्रयत्न करणाऱ्या दोघांपैकी एक चक्क खेळाडू होता: सिनसिनाटी बेंगल्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा सूत्रधार, व्हर्जिल कार्टर. रॉबर्ट मॅकॉल यांच्याबरोबर त्याने १९७१ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. मैदानाच्या कोणत्या रेषेवर चेंडू असला की सरासरी किती गुणांची आशा धरावी, याचा तो हिशेब होता. त्यातून निघालेली गंमत अशी, की स्वतःच्या गोलरेषेला पाठ टेकवून चेंडू मिळाला तर त्याची किंमत शून्याखाली जाते. तिथून पुढचे गुण प्रतिस्पर्धीच करण्याची शक्यता जास्त.

हे ध्यानात ठेवून जानेवारी २०१५ मधला सिअॅटलचा सामना पाहा. जिंकणारा सुपर बोलला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याला, जाणार होता. ग्रीन बे पॅकर्स पहिल्याच क्वार्टरमध्ये दोनदा गोलरेषेपासून यार्डभरावर पोचले, आणि दोन्ही वेळा कोच माइक मॅकार्थी यांनी चौथ्या डाउनला फील्ड गोल घेतला. एका यार्डासाठी झुंजलेला संघ तीनातून सुमारे दोनदा यशस्वी होतो आणि टचडाउनचे सहा गुण मिळतात. फसला, तरी प्रतिस्पर्धी आपल्याच गोलरेषेला चिकटलेला. म्हणजे फसण्याचं नुकसान वाटतं तेवढं नव्हतंच. शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा ग्रीन बे १९-७ असा पुढे होता आणि त्यांच्या बचावपटूने सिअॅटलचा पास झेलला. हातात चेंडू, बारा गुणांची आघाडी. ग्रीन बेने एकही पास न टाकता तीनदा चेंडू घेऊन धावायचा प्रयत्न केला, होते त्याच्याही मागे गेले आणि पंट मारला. पुढे सिअॅटलने टचडाउन केला, त्यानंतर मारलेली आखूड किक परत स्वतःच मिळवली, आणखी एक टचडाउन केला आणि जादा वेळेत २८-२२ असा सामना जिंकला. ती आखूड किक हाती लागणं हा नशिबाचाच भाग होता, हे मान्य. पण पहिल्या क्वार्टरमध्ये सोडून दिलेल्या गुणांना नशीब म्हणता येणार नाही.

ग्रीन बेचीच २०२१ मधली गोष्ट थोडक्यात. टॅम्पा बेविरुद्ध आठ गुणांनी मागे, दोन मिनिटं शिल्लक, गोलरेषा आठ यार्डांवर, हाताशी अॅरन रॉजर्ससारखा क्वार्टरबॅक. आणि कोच मॅट लाफ्लूर यांनी फील्ड गोल घेतला. पाच गुणांची पिछाडी उरली, म्हणजे टचडाउन लागणारच होता. चेंडू पुन्हा मिळालाच नाही.

दुसरी समजूत: डाव फसला म्हणजे निर्णय चुकला. नोव्हेंबर २००९ मध्ये इंडियानापोलिसला पॅट्रियट्स ३४-२८ असे पुढे होते आणि दोन मिनिटं उरली होती. स्वतःच्या २८ यार्डांच्या रेषेवर चौथा डाउन, दोन यार्ड हवे. पॅट्रियट्सचे कोच बिल बेलिचिक यांनी पंट टाळला. पास झेलला गेला, पण झेलणाऱ्या फॉकला जेमतेम यार्डभर अलीकडेच अडवलं, आणि इंडियानापोलिसचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगने सामना ३५-३४ असा फिरवला. बेलिचिक यांच्यावर चहूबाजूंनी टीका झाली. आकडेतज्ज्ञ ब्रायन बर्क यांनी मात्र हिशेब मांडला: खेळण्यात जिंकण्याची शक्यता ७९ टक्के, पंटमध्ये ७० टक्के. फसलेला, पण बरोबर निर्णय.

तिसरी समजूत: कोचना गणित कळत नाही. मला हे पटत नाही. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवलं, की जिथे चौथा डाउन खेळणं फायद्याचं होतं तिथेही संघ दहातून जवळपास नऊ वेळा किकच मारत. इतके अनुभवी लोक एकाच दिशेने चुकतात तेव्हा कारण अज्ञानाबाहेर शोधावं. पंट मारून हरलं तर खापर बचावफळीवर फुटतं. चौथा डाउन खेळून हरलं तर कोचवर. तीन सुपर बोल जिंकलेल्या बेलिचिकना एवढं ऐकून घ्यावं लागलं, तर नोकरी टांगणीला लागलेला कोच पंटच मारणार. सामना वाचो न वाचो, खुर्ची वाचते.

वारं बदललं ते फिलाडेल्फिया ईगल्समुळे. फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलमध्ये एका गुणाने मागे असताना, साडेपाच मिनिटं राहिलेली असताना, स्वतःच्याच अर्ध्या मैदानात त्यांचे कोच डग पीडरसन यांनी चौथा डाउन खेळायला लावला. तो साधला, त्याच चढाईत टचडाउन झाला आणि ईगल्स ४१-३३ असे जिंकले. त्यानंतर लीगभर चौथा डाउन खेळण्याचं प्रमाण स्पष्ट वाढलं.

यातून नवीच समजूत रुजली, की आकडे नेहमी धाडसाच्याच बाजूने असतात. अजिबात नाही. २०१७ च्या सुपर बोलमध्ये २८-३ अशी आघाडी घालवत आलेला अटलांटा शेवटच्या पाच मिनिटांत २८-२० वर होता आणि चेंडू पॅट्रियट्सच्या २२ यार्डांच्या रेषेवर होता. चेंडू घेऊन धावायचं, वेळ खायचा आणि फील्ड गोलने आघाडी अकरावर न्यायची, एवढंच काम होतं. ते पास टाकायला गेले. क्वार्टरबॅक बारा यार्ड मागे आडवा झाला, वर दहा यार्डांचा दंड बसला, आणि फील्ड गोलच्या टप्प्यातला चेंडू पंट करावा लागला. भित्रेपणा म्हणून ज्याची टर उडवतात, तेच त्या घडीला गणिताने सांगितलं असतं.

धाडस फसलं तरी खुर्ची टिकू शकते, हेही दिसलं. डेट्रॉइट लायन्सचे कोच डॅन कॅम्पबेल जानेवारी २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध दुसऱ्या अर्धात दोनदा फील्ड गोल टाळून चौथा डाउन खेळले, दोन्ही वेळा फसले आणि ३४-३१ असे हरले. पहिल्या वेळी पास नीट आला होता, तो झेलणाऱ्याच्या हातून सुटला. कॅम्पबेल यांची नोकरी शाबूत राहिली. पुढच्या हंगामात लायन्सनी १७ पैकी १५ सामने जिंकले, आणि प्ले-ऑफमधल्या पहिल्याच सामन्यात वॉशिंग्टनकडून मार खाल्ला.