जुनी हायब्रिड आलिशान गाडी : घ्यावी की न घ्यावी?

आमच्या डॉक्टर मंडळींच्या मासिक बैठकीत शास्त्रीय व्याख्यान आटोपले, की चहाच्या वेळी गप्पांचा ओघ बहुधा दोनच विषयांकडे वळतो : मुलांचे प्रवेश आणि गाड्या. गेल्या वर्षीच्या अशाच एका बैठकीत आमचे एक ज्येष्ठ शल्यविशारद, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, मला बाजूला घेऊन म्हणाले, "अरे, आठ वर्षांची हायब्रिड एसयूव्ही मिळते आहे. नवी असताना कोटीच्या वर किंमत होती. आता तिसऱ्या हिश्श्यात देतो म्हणतो. निवृत्तीच्या पैशांतले थोडे घालावे असा विचार आहे. तुझ्याकडे तसलीच गाडी आहे ना? घेऊ का?"

मला या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता आले नाही. मी बालरोगतज्ज्ञ आहे, यंत्रविशारद नव्हे. तथापि अशी एक वापरलेली गाडी मी काही वर्षे बाळगली आहे, तिच्यापायी एकदा चांगलाच अडचणीतही आलो आहे, आणि त्या निमित्ताने बरेच वाचले व विचारले आहे. आपल्या सभासदांपैकी अनेकांना हा मोह पडतो, म्हणून ते उत्तर येथे सविस्तर मांडीत आहे.

हायब्रिड म्हणजे नेमके काय?

हा शब्द आपल्याकडे फार सैलपणे वापरला जातो. त्याचे तीन प्रकार ध्यानात ठेवावेत. पहिला सौम्य हायब्रिड. यातील लहानशी मोटर इंजिनाला केवळ हातभार लावते. निव्वळ विजेवर गाडी चालत नाही. दुसरा पूर्ण हायब्रिड. यात इंजिन व मोटर दोन्ही चाके फिरवू शकतात आणि बॅटरी गाडी स्वतःच भारित करते. तिसरा प्लग-इन हायब्रिड. याची बॅटरी मोठी असते व ती घरच्या विजेवर भारित करावी लागते.

पूर्ण हायब्रिडची मोठ्या प्रमाणावरील कथा डिसेंबर १९९७ मध्ये जपानात टोयोटा प्रियसपासून सुरू झाली. त्याच घराण्यातील लेक्सस आरएक्स ४००एच ही गाडी २००५ मध्ये बाजारात आली आणि आलिशान हायब्रिड एसयूव्ही हा प्रकार रूढ झाला. भारतात व्होल्व्हो एक्ससी९० टी८ ही प्लग-इन गाडी सप्टेंबर २०१६ मध्ये सव्वा कोटी रुपयांना, तर लेक्ससची आरएक्स ४५०एच मार्च २०१७ मध्ये एक कोटी सात लाखांच्या आसपास आली. 'जुनी' म्हणून आज आपल्यापुढे येणारी गाडी बहुधा या पिढीतील असते.

टोयोटाची भारतातील भागीदार किर्लोस्करांची कंपनी आहे, हे मराठी वाचकाला सांगायला नकोच. बंगळूरजवळच्या बिडदी येथे २०१३ पासून कॅमरी हायब्रिडची जुळणी होऊ लागली. म्हणजे या रचनेची ओळख असलेले कारागीर आपल्या देशात दशकाहून अधिक काळ आहेत. जुनी गाडी घेणाऱ्याला ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडते.

यंत्र टिकते कसे?

नामपल्ली स्टेशनपासून मोअज्जमजाही मार्केटपर्यंत सायंकाळच्या गर्दीत, त्यातून नुमाइश चालू असताना, गाडी चालवणे म्हणजे धैर्याची परीक्षा. अशा वेळी पूर्ण हायब्रिड गाडीचे इंजिन बहुतांश वेळ बंद असते व गाडी विजेवर सरकत राहते. ब्रेक दाबला की मोटरच जनित्र बनते आणि एरवी उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत येते. त्यामुळे इंजिनाची झीज कमी होते आणि ब्रेकचे पॅडही अधिक काळ टिकतात.

टोयोटा पद्धतीच्या रचनेत दोन मोटर-जनित्रे आणि ग्रहमालेसारखी फिरणारी एक दंतचक्रांची जुळणी असते. त्यात क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, वेगळा आल्टरनेटर नाही. जुन्या गाडीत हमखास दुखणारे हे भागच येथे नाहीत. जो अवयवच नाही, त्याला रोग कोठून होणार?

राहता राहिली मोठी बॅटरी. सर्वांना भीती तिचीच असते. आरएक्स ४००एच मध्ये १.२ व्होल्टचे २४० निकेल-मेटल-हायड्राइड घट एकापुढे एक जोडून २८८ व्होल्टची बॅटरी मागच्या आसनाखाली बसवलेली होती. तिची साठवणूक जेमतेम दोन युनिटांच्या आत. परंतु संगणक तिला कधी पूर्ण भरू देत नाही आणि कधी पूर्ण रिकामी होऊ देत नाही. आपण रुग्णांना सांगतो तोच मिताहार. याचे फळ काय, ते अमेरिकेतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक मासिकाने २०११ मध्ये दाखवले. त्यांनी दोन लाख सहा हजार मैल, म्हणजे सुमारे ३ लाख ३० हजार किलोमीटर धावलेली २००२ ची प्रियस तपासली. तशाच गाडीने नवी असताना दर गॅलनला ४०.६ मैल दिले होते. या जुन्या गाडीने ४०.४ दिले.

अर्थात ही यंत्रणा अमर नव्हे. वीज-नियंत्रक पेटीतील, म्हणजे इन्व्हर्टरमधील, सदोष डाखकामामुळे २०११ मध्येच टोयोटाला हायलँडर हायब्रिड आणि आरएक्स ४००एच मिळून सुमारे ८२,००० गाड्या अमेरिकेत दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या होत्या.

शिवाय प्रकाराप्रकारांत मोठा फरक आहे. त्याच मासिकाच्या २०२३ च्या पाहणीत पूर्ण हायब्रिड गाड्यांत साध्या इंधनाच्या गाड्यांपेक्षा तक्रारी २६ टक्के कमी आढळल्या. प्लग-इन गाड्यांत मात्र १४६ टक्के अधिक. कारण उघड आहे. प्लग-इन गाडीत मोठी लिथियम बॅटरी, तिला थंड ठेवण्याची व्यवस्था, भारक आणि त्याशिवाय संपूर्ण इंजिन, असे दोन संसार एका छपराखाली नांदत असतात. उदाहरणार्थ, एक्ससी९० टी८ मध्ये टर्बोचार्जर व सुपरचार्जर दोन्ही असलेले इंजिन, आठ गतींचा गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना स्वतंत्र मोटर आहे. गाडी नवी असताना हे वैभव असते. हमी संपल्यावर तीच दुरुस्तीची यादी होते.

उष्णता आणि धूळ

रासायनिक क्रियेचा वेग तापमान दहा अंशांनी वाढल्यास साधारणतः दुप्पट होतो, हा क्यू-टेनचा नियम आपण प्रथम वर्षाला शिकलो. बॅटरीचे वृद्धत्व हीदेखील रासायनिक क्रियाच आहे. हैदराबादच्या चाळीस अंशांच्या मेमध्ये उघड्यावर उभी राहणारी गाडी आणि तळघरात उभी राहणारी गाडी यांचे जन्मवर्ष एकच असले, तरी बॅटरीचे वय एकच नसते.

अनेक निकेल बॅटऱ्या प्रवाशांच्या कक्षातील थंड हवा पंख्याने ओढून घेतात. या हवेची जाळी मागच्या आसनाजवळ असते. तेथे बॅगा रचल्या, पाळीव कुत्र्याचे केस अडकले किंवा धूळ साचली, की बॅटरीचा श्वास कोंडतो. माझ्या गाडीच्या जाळीतून पहिल्या सफाईत चिवड्याचे दाणे, एक लॉलीपॉपची काडी आणि बोटभर जाड धुळीचा थर निघाला. बालरोगतज्ज्ञाची गाडी असल्याचा तो पुरावाच म्हणायचा.

एका रात्रीचा धडा

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मी पुण्याला एका लग्नासाठी दहा दिवस गेलो होतो. परतलो त्याच रात्री अडीच वाजता नामपल्लीजवळच्या एका प्रसूतिगृहातून दूरध्वनी आला. बत्तीस आठवड्यांची प्रसूती, बाळ नीट श्वास घेत नव्हते. मी धावत खाली गेलो, बटण दाबले, आणि काहीच झाले नाही. दिवासुद्धा लागला नाही.

पावसात रिक्षा मिळवून पोहोचेपर्यंत दहा-बारा मिनिटे अधिक गेली. ड्यूटीवरील तरुण डॉक्टरने मास्क व बॅगने श्वास देणे आधीच चालू ठेवले होते, म्हणून बाळ वाचले. माझ्या गाडीमुळे नव्हे, तिच्यावाचून वाचले. त्या मिनिटांचा हिशेब मी अद्याप विसरलेलो नाही.

सकाळी कारागिराने निदान केले. मोठी बॅटरी ठणठणीत होती. मेली होती ती बारा व्होल्टची साधी छोटी बॅटरी. गाडीचे संगणक जागे करणे आणि मोठ्या बॅटरीचा प्रवाह जोडणारी कळ ओढणे ही कामे तिच्याकडे असतात. हृदयाचा स्नायू बलवान आहे, पण ठोक्याची पहिली सूचना देणारा इवलासा पेशीसमूह गप्प बसला, अशी ही अवस्था. इंजिन सुरू करण्याचा जड भार तिच्यावर नसल्याने तिचा अशक्तपणा आधी जाणवतही नाही. दोष सर्वस्वी माझा होता. ती बॅटरी बदला, असे मला दोन सर्व्हिसिंगच्या वेळी सांगण्यात आले होते आणि मी ते पुढे ढकलले होते.

त्या दिवशी मला कळले, की आपण भीती मोठ्या बॅटरीची बाळगतो आणि गाडी अडते ती लहानसहान भागांमुळे.

म्हातारपणाचा खर्च कोठे असतो?

जुन्या आलिशान हायब्रिडमध्ये 'हायब्रिड'पेक्षा 'आलिशान' हा भाग आधी थकतो. काही मोठ्या गाड्यांत स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी पिशव्या असतात. त्या कालांतराने चिरतात. विजेवर हलणारी आसने, छताची काच, पडदे, संवेदक या प्रत्येकाचा सुटा भाग परदेशातून येतो आणि किंमतही त्याच तोलाची असते. गाडी तिसऱ्या हिश्श्यात मिळाली, तरी तिचे सुटे भाग तिसऱ्या हिश्श्यात मिळत नाहीत.

हायब्रिडच्या बाजूने तीन ठिकाणी लक्ष ठेवावे. ब्रेकला दाब पुरवणारा विजेचा पंप थकला, की वारंवार गुणगुणतो. तो भाग महाग असतो. इन्व्हर्टर थंड ठेवणारे द्रव व त्याचा पंप यांची वेळेवर तपासणी हवी. आणि मोठी बॅटरी बदलावी लागली, तर खर्च लाखांच्या घरात जातो. एकच निकामी घटसंच बदलून स्वस्तात काम उरकणारे भेटतात. पण उरलेले घट त्याच वयाचे असल्याने हा आराम बहुधा अल्पकाळ टिकतो.

एक इशारा. नारिंगी रंगाच्या जाड तारांत प्राणघातक दाबाची वीज असते. रस्त्यावरच्या इलेक्ट्रिशियनला त्यांना हात लावू देऊ नये. उंदरांनी तारा कुरतडल्या, तरी प्रशिक्षित कारागिरालाच बोलवावे.

घेण्यापूर्वीची तपासणी

१. गाडी सौम्य, पूर्ण की प्लग-इन, ते कागदावरून निश्चित करावे. दीर्घकाळ बाळगायची असल्यास माझा कौल पूर्ण हायब्रिडला.

२. सर्व्हिसिंगची सलग नोंद मागावी. जसे आपण लसीकरणाचे कार्ड पाहतो, तसेच. रिकाम्या रकान्यांचे कारण विचारावे.

३. अधिकृत कार्यशाळेत संगणक जोडून मोठ्या बॅटरीच्या प्रत्येक संचाचा व्होल्टेज, चालत्या गाडीत, पाहावा. सरासरीपेक्षा परस्परांतील तफावत अधिक बोलकी असते.

४. पाण्यात बुडाल्याच्या खुणा शोधाव्यात. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत आपल्या शहरात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. सीटबेल्ट पूर्ण ओढून टोकाला मातीचा डाग आहे का, मागच्या आसनाखाली गंज आहे का, ते पाहावे. विम्याच्या दाव्यांची माहितीही घ्यावी.

५. फार कमी धावलेल्या गाडीला भुलू नये. महिनोन्महिने उभी राहिलेली हायब्रिड ही चालत्या गाडीपेक्षा अधिक संशयास्पद. बॅटरीला नियमित व्यायाम हवा.

६. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. उरलेली वर्षे मोजूनच किंमत ठरवावी.

७. घेतल्यावर बारा व्होल्टची बॅटरी दर तीन-चार वर्षांनी, बिघडण्याची वाट न पाहता, बदलावी.

अण्णांचे काय झाले?

अण्णांच्या त्या गाडीची आम्ही वरीलप्रमाणे तपासणी करवली. नोंदवहीत २०२० नंतरची दोन वर्षे कोरी होती. सीटबेल्टच्या टोकाला वाळलेल्या चिखलाची रेघ होती. मागचे आसन उचलले, तेव्हा पट्टीवर गंज दिसला. मालकाने किंमत आणखी दोन लाखांनी उतरवली. अण्णा क्षणभर मोहात पडलेही, मग म्हणाले, "पोट उघडून पाहिल्यावर पुन्हा न बघता शिवायचे कसे?" आणि परतले.

सहा महिन्यांनी त्यांनी सात वर्षांची, एकाच मालकाची, सर्व नोंदी असलेली दुसरी पूर्ण हायब्रिड गाडी घेतली. वाचलेल्या पैशांतून मोठ्या बॅटरीच्या किमतीएवढी रक्कम मुदत ठेवीत टाकली. परवा नुमाइशच्या गर्दीत ते सहकुटुंब भेटले. गाडी कशी आहे, असे मी विचारले. "उत्तम," ते म्हणाले, "आणि मुदत ठेवही अजून शाबूत आहे."