रेडिओच्या खरखरीत दडलेली अक्षरं आणि नकाशे

नोव्हेंबर २००९ मधलं 'फयान' वादळ रत्नागिरीच्या बंदरांवर अजून आठवलं जातं. वादळ आलं तेव्हा आपल्या अनेक होड्या समुद्रात होत्या. काही परतल्या, काही परतल्याच नाहीत. बंदरावर धोक्याचा बावटा लागतो, पण तो किनाऱ्यावरच्यांनाच दिसतो. पन्नास मैल आत गेलेल्या तांडेलाला तो कुठून दिसणार? आणि मोबाईलची रेंज तर त्याच्या कितीतरी आधी गेलेली असते.

मग भर समुद्रात निरोप पोहोचतो कसा? त्याचा एक जुना आणि भरवशाचा मार्ग म्हणजे रेडिओवरून येणारी अक्षरं. आपल्या मोहल्ल्यांतली जी मुलं मर्चंट नेव्हीत आहेत त्यांना विचारा. जहाजाच्या ब्रिजवर 'नॅव्हटेक्स' नावाचं छोटं यंत्र असतं. वादळाचा इशारा, बंद पडलेला दिवा, बेपत्ता बोटीचा शोध, सगळं त्यावर आपोआप लिहून येतं. आपल्याला सर्वात जवळचं केंद्र शेजारच्या सिंधुदुर्गात, वेंगुर्ल्याला आहे. नॅव्हटेक्सची मुख्य लहर ५१८ किलोहर्ट्झ. ती समुद्राच्या पृष्ठभागाला धरून जाते आणि साधारण २५० ते ४०० सागरी मैलांपर्यंत पोहोचते. उष्ण प्रदेशातल्या समुद्रांसाठी ४२०९.५ किलोहर्ट्झ ही शॉर्टवेव्हवरची लहरही राखून ठेवली आहे.

रेडिओवर हे ऐकलं तर नुसती किरकिर वाटते. पण त्यात फक्त दोन सूर असतात, एक थोडा उंच, एक थोडा खाली. सात सुरांचं एक अक्षर, आणि सेकंदाला असे १०० सूर. खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक अक्षरात एका प्रकारचे बरोबर चार आणि दुसऱ्या प्रकारचे तीन सूर असतात. वीज कडाडली आणि एक सूर बिघडला की हिशेब पाच-दोन किंवा तीन-चार होतो, आणि यंत्राला लगेच कळतं की अक्षर चुकलं. म्हणून प्रत्येक अक्षर थोड्या अंतराने दुसऱ्यांदा पाठवतात. दोन्ही वेळा बिघडलं तर यंत्र अंदाजाने काही लिहीत नाही, त्या जागी फुली टाकतं. चुकीच्या आकड्यापेक्षा रिकामी जागा बरी, कारण त्या आकड्यावर जहाजाची दिशा ठरते.

प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला 'झेडसीझेडसी' आणि शेवटी 'एनएनएनएन' असतं. मध्ये केंद्राचं आणि विषयाचं अक्षर. बाकीचे काही विषय खलाशी बंद ठेवू शकतो, पण वादळाचा इशारा आणि शोध-बचावाचे संदेश बंद करता येत नाहीत.

चित्रंही अशीच येतात. हवामानाचा नकाशा ओळीओळीने वाचला जातो. काळ्या ठिपक्याला १५०० हर्ट्झचा सूर, पांढऱ्याला २३०० चा. मिनिटाला १२० ओळी, म्हणजे एक नकाशा उमटायला दहा-वीस मिनिटं सहज लागतात. शॉर्टवेव्ह वरच्या वातावरणावर आपटून परत येत असल्यामुळे असे नकाशे हजारो किलोमीटर जातात. जपानच्या हवामान खात्याचे नकाशे १३९८८.५ किलोहर्ट्झवर येतात. ते आपल्या समुद्राचे नाहीत, पण शिकायला उत्तम.

घरी करून बघायचं असेल तर 'एसएसबी' असलेला रेडिओ घ्या. नॅव्हटेक्ससाठी तो ५१८ पर्यंत खाली उतरतो का, हे दुकानातच तपासा. खिडकीबाहेर दहा-बारा मीटर तार सोडा. रेडिओ कॉम्प्युटरच्या माईकजवळ ठेवा आणि 'एफएलडिजी' हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लावा. ते अक्षरं आणि नकाशे दोन्ही उलगडतं. नकाशासाठी रेडिओ १.९ किलोहर्ट्झ खाली लावायचा, म्हणजे १३९८६.६ वर. रेडिओ नसेल तर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रेडिओ इंटरनेटवरून ऐकता येतो. ऐकायला लागा, पण पाठवायच्या भानगडीत पडू नका. त्याला सरकारी परवाना लागतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. नॅव्हटेक्स मोठ्या जहाजांना बंधनकारक आहे, छोट्या होड्यांवर ते सहसा नसतं. शिवाय ५१८ वरचे संदेश इंग्रजीत येतात. म्हणून ज्या घरातली माणसं समुद्रावर जातात, तिथल्या शिकलेल्या मुला-मुलींनी हे वाचायला शिकणं उपयोगाचं आहे. होडी निघण्याआधी हवामान खात्याचा इशारा बघायचाच. पण त्यासोबत संध्याकाळी पडद्यावर इशारा उमटलेला दिसला, तर सकाळी निघणाऱ्या अब्बांना किंवा चाचांना मराठीत सांगता येईल, "आज होडी काढू नका."