सकाळी कुणीच नसतं

शाळेत न जाणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला परीक्षेचा. त्याचं उत्तर सोपं आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. चौदा पूर्ण झाली की दहावीसाठी नाव घालता येतं आणि पास व्हायला पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. दुसरा प्रश्न आवाज खाली आणून येतो: ‘पण मग हिला मैत्रिणी?’ त्यावर आम्ही पालक यादी म्हणून दाखवतो. पोहणं, बुद्धिबळ, चित्रकला, रविवारचा सिंहगड. यादी खरी असते. फक्त तिच्यात मैत्रीण कुठे आहे, ते सापडत नाही.

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, आम्ही पुण्यात राहतो. तिची खरी अडचण माणसांची नसून वेळेची आहे. सकाळी आठ ते दुपारी तीन या वेळात तिच्या वयाचं एकही माणूस मोकळं नसतं. तीननंतर ती सगळी शाळेतून सुटतात आणि साडेचारला क्लासमध्ये जातात. सहा ते साडेआठ एवढीच खिडकी उरते, आणि त्याच खिडकीत पोहणं, बुद्धिबळ, सगळं कोंबलेलं असतं. लहानपणी दुपारी खाली खेळायला सोडलं की भागायचं. तेराव्या वर्षानंतर खाली कुणी खेळत नाही.

सकाळची माणसं वेगळी. वाचनालयात वर्तमानपत्राच्या टेबलाशी बसणारे सत्तरीचे आजोबा तिला मोडी लिपी शिकवतात आणि बदल्यात मोबाइलवरचे फोटो नातवाला पाठवून घेतात. किराणा दुकानातल्या काकांना ती हिशेबाला मदत करते. मला ही ओळखपाळख मोलाची वाटते. पण आजोबांशी भांडता येत नाही, आणि पंधराव्या वर्षी बरोबरीच्या कुणाशी तरी कडाडून भांडायचं असतं.

अशा कुटुंबांचे आपापसांतले मेळावेही असतात. एकमेकांना शोधणं हे या वाटेवरचं जुनंच काम आहे. अमेरिकेत जॉन होल्ट यांनी 1977 मध्ये ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे नियतकालिक सुरू केलं, त्यातही अशा कुटुंबांच्या नावा-पत्त्यांची यादी छापली जाई. आपल्याकडे आता व्हॉट्सअ‍ॅपवर ठरतं आणि आम्ही बागेत जमतो. आया सतरंजीवर गोल करून बसतात, लहानगी धावतात, आणि चार-पाच मोठी मुलं झाडाखाली उभी राहून एकमेकांच्या चपला न्याहाळतात. आयांच्या मैत्रीवर मुलांची मैत्री सहा-सात वर्षांपर्यंत चालते. पुढे ती ओढूनताणून आणलेली दिसते.

कागदांची कटकट वेगळीच. आंतरशालेय स्पर्धेला बोनाफाईड हवं, सवलतीच्या पासवर शाळेचा शिक्का हवा. बुद्धिबळाच्या खुल्या स्पर्धांत मात्र कुणी शाळा विचारत नाही; जन्मतारीख आणि नोंदणी असली की पटासमोर बसता येतं. म्हणून ती खेळायला लागली. पण तिथे बोलायला बंदी! डाव संपला की समोरचा मुलगा आईबरोबर डबा खायला जातो.

सोबत मिळाली ती ढोल पथकात. गंमत अशी की पुण्यातली जुनी, नावाजलेली पथकं शाळांचीच आहेत: ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग. तिचं पथक मात्र वस्तीतलं. पालकांच्या सहीचा फॉर्म, रक्तगट, फोन नंबर; शाळेचा रकाना होता, तो तिने मोकळा सोडला आणि कुणी काही विचारलं नाही.

आषाढात नदीपात्रात पत्र्याच्या शेडमध्ये सराव सुरू झाला. पहिले काही दिवस मी कठड्याशी बसून बघत असे. नव्यांच्या हातात ढोल लगेच येत नाही. आधी रांगेत उभं राहून ऐकायचं, मांडीवर हाताने ठोका धरायचा, जुन्यांचे ढोल उचलून द्यायचे. ढोल ताणायला दोघं लागतात: एक जण पाय लावून दोर ओढतो, दुसरा ढिलाई पुढे सरकवत नेतो. कमरेला ढोल बांधायचा तर मागची गाठ दुसऱ्यानेच आवळायची. मग एका हाताने थापी, दुसऱ्या हातात टिपरू. सरावाआधी बोटांना चिकटपट्टी गुंडाळायची, कानात कापूस घालायचा. कापूस घातल्यावर गप्पा अशक्य, म्हणून सगळं खुणांवर. ताशावाल्याने काडी उंचावली की साठ-सत्तर माणसं थांबतात, आणि जो थांबत नाही त्याच्याकडे सगळे बघतात.

ती दोनदा थांबली नाही.

रांगेत तिच्या डावीकडे अकरावीचा मुलगा होता, तो तिला अजिबात आवडत नसे. जागा बदलून मागितली तर पथकप्रमुख ताई म्हणाल्या, ‘उंचीप्रमाणे रांग आहे, बाळा.’ ती तणतणत घरी आली. मला मनातून बरं वाटलं. मेळाव्याला जायचं की नाही ते आपण ठरवतो, क्लास आवडला नाही तर सोडतो. शाळेत मात्र नकोसा माणूसही वर्षभर बाकावर शेजारी बसतो आणि त्याच्याशी जमवून घ्यावंच लागतं. घरी शिकणाऱ्या मुलांच्या वाट्याला नेमकं हे कमी येतं. मी बांधलेल्या सगळ्या वेळापत्रकात मला हा मुलगा आणता आला नसता.

अनंत चतुर्दशीच्या आधीच त्या दोघांचं बोलणं सुरू झालं होतं, तेही कुणाचा ढोल ढिला पडला यावरून वाद घालत. आमच्या घरातला बदल याहून छोटा होता: ‘उद्या किती वाजता?’ हे फोन मला यायचे बंद झाले. तिला यायला लागले.

मिरवणूक संपली की पथक पांगतं, ढोल गोडाऊनमध्ये जातात. मला भीती होती ती याच दिवसांची. घडलं असं, की तिची एनआयओएसची परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सत्रात, बाकीच्यांची सहामाही त्याच सुमारास. पथकातल्या तिघी आमच्याकडे अभ्यासाला यायला लागल्या. अभ्यास किती होतो ते विचारू नये. पोह्यांचा डबा मात्र आठवड्यात संपतो.

परवा त्यांतली एक कांदा चिरता चिरता मला म्हणाली, ‘काकू, हिची मजा आहे. रोजच सुट्टी.’

मी काही बोलायच्या आत मुलगीच म्हणाली, ‘रोज कसली? तुम्ही शाळेत असता तेव्हा मी काय सुट्टी घेऊन चाटू? माझी सुट्टी रविवारी.’

‘रविवारीच का?’

‘तुम्हाला असते म्हणून.’