सुपारीच्या बागेतून आलेला ताप

दिवाळीची सुट्टी लागली की अंधेरी, बोरिवली, मुलुंडची अनेक कुटुंबे अंदमानला निघतात. सेल्युलर जेल, हॅवलॉकचा (आताच्या स्वराज द्वीपचा) किनारा आणि मधला एखादा दिवस नारळ-सुपारीच्या बागेत. झाडांवर चढलेले मिरीचे वेल, दालचिनी, जायफळ हे मुलांना दाखवावे असेच. पण सारे वर पाहत चालतात, आणि पायांत स्लिपर असते.

मुंबईतला पाऊस तोवर गेलेला असतो. अंदमानात तो डिसेंबरपर्यंत पडतो. बागेत चिखल, चरांत पाणी, आणि नारळ-सुपारी म्हटली की उंदीर आलेच. उंदीर, गुरे, डुकरे यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरा हे जंतू ओल्या मातीत उतरतात. पायावरचा ओरखडा किंवा भिजून मऊ झालेली कातडी त्यांना आत शिरायला पुरते.

अंदमानात १९८८ पासून पावसाळ्यानंतर एक जीवघेणा ताप येऊ लागला. खोकल्यातून रक्त पडे. 'अंदमानचा रक्तस्रावी ताप' असे त्याला नाव पडले. १९९३ च्या साथीत तपासण्या झाल्या, तेव्हा तो लेप्टोच निघाला.

मुंबईकरांना लेप्टोची खरी ओळख झाली २६ जुलै २००५ च्या पुरानंतर. तेव्हापासून लेप्टो म्हणजे तुंबलेले पाणी, असे समीकरण बसले आहे, डॉक्टरांच्याही डोक्यात. नोव्हेंबरात ताप आला की मलेरिया, डेंग्यू तपासतात. प्लेटलेट कमी आल्या की डेंग्यूचा शिक्का बसतो. लेप्टोतही त्या उतरतात. शिवाय जंतू शिरल्यापासून ताप यायला साधारण ५ ते १४ दिवस, क्वचित महिनाही लागतो. तोवर सहलीचे कपडे धुऊन कपाटात गेलेले असतात आणि बाग कोणाला आठवत नाही.

म्हणून दवाखान्यात आधी हेच सांगावे, की अंदमानला गेलो होतो, बागेत चिखलातून चाललो. पोटऱ्या दाबल्यावर कळ येणे आणि चिपडे न येता डोळे लाल होणे या दोन खुणा डॉक्टरांना लगेच दाखवाव्यात. कावीळ, लघवी कमी होणे, धाप किंवा थुंकीत रक्त दिसले तर थेट रुग्णालय गाठावे. प्रतिपिंडांची तपासणी पहिल्या आठवड्यात बऱ्याचदा निगेटिव्ह येते, तेवढ्यावरून लेप्टो नाही असे धरून चालत नाही. संशय असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करतात. डॉक्सिसायक्लिन, पेनिसिलिन ही जुनी, स्वस्त औषधे लवकर मिळाली तर रोगी सहसा बरा होतो.

बागेत जाताना बंद बूट घालावेत, जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावावी, परतल्यावर पाय साबणाने धुवावेत. जखमेचा पाय चिखलात गेलाच, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळी घेता येते. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालच्या मुलांसाठी औषध वेगळे असते.

शहाळे मात्र खुशाल प्यावे. उंदराने कुरतडलेले नसले म्हणजे झाले.