होस्टाची निळाई टिकवायची तर

होस्टा या पानांच्या शोभेसाठी बागेत लावल्या जाणाऱ्या झाडाचं निळं पान अंगठ्यानं जरा दाबून पुसलं, की खालून साधं हिरवं पान निघतं. बोटाला निळा रंग मात्र लागत नाही, कारण तो पानात नसतोच. पानावर मेणाच्या अतिसूक्ष्म कणांचा थर असतो. हे कण प्रकाशातला निळ्या बाजूचा भाग जास्त विखुरतात आणि खालच्या हिरव्याशी मिळून ती राखट निळाई दिसते. काळ्या द्राक्षावरची पांढुरकी साय याच जातकुळीतली.

हे मेण चढतं वसंतात, पान उलगडताना. पान पुरतं मोठं झालं की झीज भरून निघत नाही. ऊन, उष्मा, पाऊस, पानांवरून मारलेला पाण्याचा पाइप, सगळेच ते थोडंथोडं उतरवतात. उन्हाळा सरताना बहुतेक निळे होस्टा हिरवट होतात, तो रोग नव्हे. म्हणून जागा सावलीची निवडावी, सकाळचं कोवळं ऊन चालेल, आणि पाणी बुंध्याशी द्यावं. गर्द सावलीत वाढ रेंगाळते हे खरं. पण जास्त उन्हात गड्डा लवकर भरला तरी निळाई जाते. मग निळा होस्टा लावलाच कशाला?

मूळ जपानच्या ‘होस्टा सीबोल्डियाना’ या प्रजातीतून निघालेला ‘एलिगन्स’ हा निळा होस्टा जर्मनीच्या गेऑर्ग आरेंड्स यांनी 1905 च्या सुमारास बाजारात आणला. पाऊण मीटर उंच, सव्वा मीटर पसरणारा, फूटभर लांबीची सुरकुतलेली पानं. या आकाराला पोचायला पाचेक वर्षं लागतात, तोवर सारखा उकरून गड्डे वेगळे करू नयेत. जमीन कुजलेल्या पालापाचोळ्याची, ओल धरणारी पण पाणी न साचणारी हवी. जाड पानामुळे बिनशंखाच्या गोगलगायींचा त्रास पातळ पानांच्या जातींपेक्षा कमी होतो.

पुण्या-मुंबईत मात्र याचा नाद न केलेला बरा. पानं झडून काही आठवडे कडक थंडीत झोपल्याशिवाय गड्डा पुढच्या वर्षी नीट फुटत नाही, आणि तशी थंडी तिथे फ्रिजमध्येच मिळणार; फ्रिज काही बाग नव्हे. न्यू जर्सीतल्या मराठी घरांच्या मागच्या अंगणात तो सुखानं वाढेल, पण तिथे हरणं एका रात्रीत नुसते देठ शिल्लक ठेवतात. हरणांची आवड वाईट म्हणता येणार नाही: जपानात वसंतातले होस्टाचे कोवळे कोंब ‘उरुई’ या नावानं भाजीला विकले जातात.