गुडघ्याचे आंशिक सांधारोपण : अचूकतेचे दोन अर्थ

‘अचूक’ या शब्दाची फोड सोपी आहे : ज्यात चूक नाही ते अचूक. परंतु चूक ही स्वयंभू वस्तू नव्हे. ती नेहमी कशाच्या तरी तुलनेने ठरते. गुडघ्याच्या आंशिक सांधारोपणात हा प्रश्न केवळ शब्दार्थाचा राहत नाही. अचूकता कशाच्या संदर्भात मोजावयाची, यावर त्या शस्त्रक्रियेच्या यशापयशाचा निवाडा अवलंबून असतो.

गुडघ्याच्या सांध्याचे तीन कप्पे मानले जातात : मांडीचे हाड व नडगीचे हाड यांमधील आतला आणि बाहेरचा असे दोन, आणि वाटीमागील तिसरा. झिजेमुळे होणारा संधिवात पुष्कळदा आतल्या कप्प्यापुरताच मर्यादित असतो. अशा वेळी सबंध सांधा न बदलता तेवढाच भाग धातू व पॉलिएथिलिन यांच्या घटकांनी बदलणे, यास आंशिक सांधारोपण म्हणतात. यात सांध्यातील मूळचे अस्थिबंध जसेच्या तसे राखले जातात. हाच या शस्त्रक्रियेचा लाभ आणि हीच तिची अडचण. कारण कृत्रिम घटकांना त्या अस्थिबंधांच्या नैसर्गिक ताणाशी जुळवून घ्यावे लागते.

येथे लहानशी चूकही लहान राहत नाही. नडगीच्या हाडावरील छेद २ अंशांनी कलला, तर ५० मिलिमीटर अंतरावर सुमारे पावणेदोन मिलिमीटरांचा फरक पडतो. वाकलेला पाय प्रमाणाबाहेर सरळ केल्यास भार बाहेरच्या निरोगी कप्प्यावर सरकतो आणि तेथे झीज सुरू होण्याचा संभव असतो. फारच थोडा सरळ केल्यास कृत्रिम घटकांवर अतिरिक्त भार येतो. छेदाचा मागील बाजूस असणारा उतार ७ अंशांपेक्षा अधिक नसावा, असाही संकेत आहे.

ही चूक टाळण्याचे दोन मार्ग पुढे आले. पहिला मार्ग ऑक्सफर्डचा. शल्यविशारद जॉन गुडफेलो व अभियंते जॉन ओ’कॉनर यांनी सरकत्या चकतीचा कृत्रिम गुडघा तयार केला, आणि १९८२ पासून तो एकाच कप्प्यासाठी वापरला जाऊ लागला. १९८७ मध्ये त्यास हाड घासण्याच्या नव्या साधनाची जोड मिळाली. या रीतीचे गणित साध्या वजाबाकीचे आहे. गुडघा वाकवला असता हाडांमधील फट ५ मिलिमीटर आणि जवळजवळ सरळ केला असता २ मिलिमीटर भरली, तर मांडीच्या हाडाचे खालचे टोक ३ मिलिमीटर घासावयाचे. त्यामुळे दुसरी फट वाढून पहिलीशी समान होते. येथे अचूकतेचा मानदंड रुग्णाच्या अस्थिबंधांचा ताण हा आहे.

दुसरा मार्ग यंत्राचा. यात बहुधा शस्त्रक्रियेपूर्वी सी. टी. चित्रावरून हाडाची त्रिमितीय आकृती तयार करून तीवर छेदाची योजना आखतात. हाड कोरण्याचे साधन शल्यविशारदाच्याच हाती असते. परंतु ते आखलेली मर्यादा ओलांडू लागले की यंत्राचा बाहू त्यास अडवितो. या तत्त्वावरील ‘अ‍ॅक्रोबॉट’ यंत्राची लंडनमध्ये २७ रुग्णांच्या २८ गुडघ्यांवर चाचणी झाली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार यंत्राच्या गटातील सर्व पायांची रेषा योजनेच्या २ अंशांच्या आत आली. रूढ पद्धतीच्या गटात हे प्रमाण ४० टक्के होते. ‘माको’ यंत्राविषयी ग्लासगो येथील १३९ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत नडगीवरील घटकाचा उतार लक्ष्याच्या २ अंशांच्या आत असण्याचे प्रमाण यंत्राने ८० टक्के, तर हाताने २२ टक्के आढळले.

हे आकडे बोलके आहेत. तथापि ते नेमके काय बोलतात हे पाहिले पाहिजे. ग्लासगोच्या त्याच चाचणीत दोन वर्षांनंतर रुग्णांची एकंदर स्थिती पडताळली असता दोन्ही गटांत लक्षणीय अंतर आढळले नाही. अधिक क्रियाशील रुग्णांच्या उपगटात मात्र यंत्राची बाजू काहीशी सरस ठरली. शिवाय दोन्ही गटांत बसविलेले कृत्रिम घटक एकाच जातीचे नव्हते : यंत्राच्या गटात स्थिर चकतीचे, तर दुसऱ्या गटात ऑक्सफर्डचे सरकत्या चकतीचे. म्हणजे तुलना केवळ हात आणि यंत्र यांची नव्हती.

यावरून एक भेद स्पष्ट होतो. योजनेबरहुकूम छेद घेणे ही एक अचूकता. मुळात योजना त्या रुग्णास योग्य असणे ही दुसरी. पहिली अंशांत मोजता येते आणि तीत यंत्र हातापेक्षा सरस ठरले आहे. दुसरी मात्र रुग्णाची निवड, अस्थिबंधांची पारख आणि सराव यांवर अवलंबून असते. ही शस्त्रक्रिया वारंवार करणाऱ्यांचे निकाल अधिक चांगले असतात, हे नोंदींतून दिसून आले आहे. सदोष योजना यंत्र तितक्याच काटेकोरपणे पार पाडील. म्हणून अचूकता वाढली, असे विधान वाचताना ती कोणत्या मानदंडाने मोजली, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.